खसखशीएवढे जीव

दाणा हलला. घरच्या माशाच्या टाकीतून बाटलीत आणलेला, खसखशीएवढा, फिकट तपकिरी – भिंगाखाली मात्र दोन इवल्या शिंपा, बाजारातल्या तिसऱ्यांसारख्या मिटलेल्या, आणि फटीतून केसांसारखे पाय बाहेर काढून पाणी वल्हवणारा कुणीतरी... मुलुंडच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, मधल्या सुट्टीत, सुलक्षणानं जाड पुस्तकातलं चित्र पुन्हा पाहिलं. तोच. ऑस्ट्रॅकॉड. गोड्या पाण्यात राहतो, शेवाळ आणि कुजलेलं खातो, माशांना उपद्रव नाही. उपद्रव नाही – ती स्वतः वर्गात सांगते तितक्याच कोरडेपणानं छापलेलं होतं, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

सकाळी जिन्यात ती काय बोलून बसली होती! टाकीतला सोनेरी मासा पोट वर करून तरंगत होता, काचेवर हे दाणे सरपटत होते, आणि समोरची कॉन्सेप्टा नेमकी दुधाच्या बाटल्या घेऊन वर येत होती – कॉन्सेप्टा, जिनं मरोळच्या माहेरच्या विहिरीतली पाणवेल टाकीसाठी हौसेनं आणून दिली होती.

"तुझ्या विहिरीतली घाण आली माझ्या टाकीत," खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सुलक्षणा म्हणाली होती. "किडे आहेत, किडे! आणि तेच पाणी तुम्ही पिता?"

तुम्ही... त्या एका शब्दात तिनं किती माणसं कोंबली होती – कॉन्सेप्टाची म्हातारी आई, गावठाण, चर्च, सगळंच. आणि कोंबताना बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आता भिंगाशिवाय दिसत होतं. आणि मासा? काल अर्धी टाकी उपसून तिनंच नळाचं पाणी तसंच ओतलं होतं. चंद्रप्रकाश, तिचा नवरा, दरवेळी बजावायचा – आधी बादलीत ठेव, औषधाचा वास उडू दे, नाहीतर मासे मरतील...

संध्याकाळी ती घरी न जाता कॉन्सेप्टाच्या दारात उभी राहिली. वाक्य वाटेत तयार केलेलं.

"ये ना," कॉन्सेप्टा मान वर न करता म्हणाली. "दुपारी मरोळला जाऊन आले. आईला सांगितलं, विहिरीत किडे झालेत, पोरांना ते पाणी देऊ नकोस. रडायलाच लागली गं. म्हणे, तुम्हा सगळ्यांना याच पाण्यावर वाढवलं."

"त्या किड्यांनी काही होत नाही, कॉन्सेप्टा. शाळेत नीट बघितलं मी. निरुपद्रवी असतात. चुकलं माझं."

कॉन्सेप्टाचा चेहरा एकदम उजळला. तिनं सुलक्षणाचे दोन्ही हात धरले. "खरंच? बघ, तू शिकलेली, म्हणून कळलं तरी! उद्याच आईला सांगते." मग हळहळून म्हणाली, "पण मासा कशानं गेला गं बिचारा?"

नळ, बादली, औषधाचा वास – सगळं जिभेवर आलेलं.

"काय माहीत," सुलक्षणा म्हणाली.

कॉन्सेप्टा चहा टाकायला आत गेली. सकाळी निदान रागाचं निमित्त तरी होतं... सुलक्षणा खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. चहा येईपर्यंत सांगता येईल, पिऊन झाल्यावरही सांगता येईल – आतून कपबशांचा आवाज येत होता, आणि तो थांबू नये, असंच तिला वाटत होतं.