उजव्या कानापासून पुन्हा एक

आमच्या गल्लीतला न्हावी कात्रीशेठ तीन दिवसांच्या झेन शिबिराला जाऊन आला, आणि पंधरवड्यात समोरच्या टोपीवाल्याने दुकानावर मजला चढवला. खोटं वाटत असेल तर येऊन मोजा.

शिबिरातल्या गुरूंनी सांगितलं ते साधंच होतं. शांत बसा, श्वास मोजा, एक ते दहा. मन भरकटलं की पुन्हा एकपासून. आणि ही साधना इथल्या उशीवर ठेवून घरी जाऊ नका, रोजच्या कामात उतरवा. शेठ आज्ञाधारक माणूस. त्याने ती थेट गिऱ्हाइकांच्या डोक्यावर उतरवली. उजवा कान म्हणजे एक, टाळू म्हणजे पाच, डावा कान म्हणजे दहा. मध्येच मन गॅसवरच्या दुधाकडे गेलं, की कात्री पुन्हा उजव्या कानाशी.

आता शेठचं मन पाचाच्या पुढे टिकेल तर शपथ! दर फेरीला केस बोटभर आखूड. विमा एजंट आत गेला तेव्हा त्याच्या केसांत कंगवा अडकत होता. घरी पोचला तर त्याच्याच कुत्र्याने त्याला फाटकातून आत घेतलं नाही. माझ्या डोक्यावर माशी बसली ती घसरून पडली. मी आरशात पाहिली ना!

शेवटी शेठची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुकानातच खुर्ची टाकून बसल्या.

"अहो, आणखी एक डोकं गुळगुळीत झालं ना, तर या दुकानाला कुलूप. माझ्या भावाच्या कारखान्यात रबरी चपलांना पट्टे बसवायचे. बोलून ठेवलंय मी त्याच्याशी."

शेठचा चेहरा उतरला. दुकान म्हणजे त्याचा जीव की प्राण.

तेवढ्यात आले हेडमास्तर. डोक्यावर एकूण एकोणीस केस, डाव्या कानापाशी उगवून उजव्या कानापर्यंत मुक्कामाला जाणारे. चार वाजता सरांचा निवृत्तीचा फोटो, आणि तो शाळेच्या हॉलमध्ये कायमचा लागणार.

"टोकं तेवढी सारखी कर रे," सर म्हणाले. "तुला मीच शिकवलंय, म्हणून भीती वाटते."

वहिनी खुर्चीच्या टोकाशी सरकल्या. मी बाकावर बसून वाचत होतो, तो पेपर खाली ठेवला.

शेठने श्वास घेतला. एक. दोन. तिनाला त्याला रबरी चपला दिसल्या. कात्री उजव्या कानाशी. कच्च! पुन्हा एक, दोन, तीन. चाराला नुसते पट्टे दिसले. कच्च! कानापर्यंत जाणारे केस आता टाळूवरच थांबले.

"अहो!" वहिनी ओरडल्या.

"बोलू नकोस, मोजणं चुकतं!"

"थांब," सर म्हणाले. "हे कसलं मोजणं?"

शेठने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

"म्हणजे लक्ष उडालं की पहिल्यापासून?"

"हो सर. गुरूंनीच सांगितलंय."

"अरे, छत्तीस वर्षं हजेरी घेतली मी. विसाव्या नावाला लक्ष हमखास खिडकीबाहेर. मग काय पहिल्या पोरापासून पुन्हा सुरू करत होतो?"

"मग काय करायचात?"

"बोट त्या नावावरून हलवायचो नाही. मन हिंडून आलं, की बोट तिथंच असायचं."

"पण एकपासून..."

"श्वास धर एकपासून, गाढवा! माझं डोकं कशाला?"

शेठने डाव्या हाताचं बोट टाळूवर रोवलं. मन चपलांकडे गेलं, कारखाना बघून आलं, बोट जागच्या जागी. पुन्हा पहिला श्वास, आणि कात्री जिथली तिथून पुढे. असं अकरा वेळा झालं. पावणेचारला त्याने कात्री ठेवली.

केस आता आडवे पडण्याइतके लांब राहिलेच नव्हते. ते सगळे ताठ उभे होते, वर्गात हात वर केल्यासारखे. सरांनी आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं.

"उद्धट दिसतात," ते म्हणाले, "पण आहेत." आणि फोटोला पळाले. नाही, पळता पळता दारातच अडकले, कारण वहिनींनी चष्मा लावून त्यांचं डोकं धरलं होतं.

"एकोणीस," वहिनी म्हणाल्या. दोनदा मोजले त्यांनी. मग सरांना सोडलं आणि फोन लावला.

"दादा, त्या पट्ट्यांना दुसरा माणूस बघ रे. आमच्या यांना इथं काम आहे."