गळ्यातला ढोल, खांद्यावरची पोर

मी ढोल आहे. माझं पोट मोठं दिसतं, पण त्यात काही राहत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो: मला एका पाच वर्षांच्या पोरीचा हेवा वाटतो. तिचं नाव इरिया.

माझा जन्म जेफेरीनोच्या अंगणात झाला. त्यानं चेस्टनटच्या लाकडाची फळी वाफेवर वाकवली, दोन्ही तोंडांना बोकडाच्या कातड्याचं पान चढवलं आणि दोऱ्या अशा आवळल्या की पहिल्याच टोल्याला अंगणातल्या कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. मला न्यायला आबिलिओ आला होता. विलार गावच्या बेकरीची पावाची गाडी चालवायचा. नुकतंच लग्न झालेलं, मिशी अजून नीट फुटलेली नव्हती. त्यानं माझा पट्टा गळ्यात घातला, एक टोला दिला आणि जेफेरीनोला म्हणाला, “काका, हा तर बोलतोय!”

“मग तू गप्प बस,” जेफेरीनो म्हणाला. “दोघं एकदम बोललात तर अख्खं गाव पळून जाईल.”

तेव्हापासून आम्ही एकमेकांचे झालो. जत्रेत संताची मिरवणूक निघाली की पुढे मी, आणि रविवारी गावच्या क्लबचा फुटबॉलचा सामना असला की गोलच्या मागच्या कठड्यापाशीही मी. पाऊस आला तर आबिलिओ स्वतःचा कोट काढून माझ्यावर घालायचा. दमट हवेत माझं पान उतरतं, आवाज घोगरा होतो, म्हणून सामन्याआधी तो मला बेकरीच्या भट्टीजवळ शेकायला ठेवायचा. त्याची बायको बेलमिरा म्हणायची, “माझी पाठ दुखते तेव्हा कधी शेकलीस का रे?”

मी त्याच्या छातीला टेकलेला असायचो. गोल झाला की त्याच्या काळजाचा ठोका आधी मला कळायचा, मग लोकांची आरोळी ऐकू यायची. ती जागा माझी होती.

अशी कितीतरी वर्षं गेली, आणि मग इरिया आली.

आबिलिओची मुलगी डुल्से फ्रान्समध्ये हॉटेलात कामाला लागली होती. एका उन्हाळ्यात ती कडेवर तान्हं मूल घेऊन आली आणि शरद ऋतू लागला तेव्हा एकटीच परत गेली. पोर विलारलाच राहिली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी आबिलिओनं दिवाणखान्यात मला हळूच वाजवलं. पोरीनं असं भोकाड पसरलं की बेलमिरा लाटणं घेऊनच धावत आली.

“उचल ते धूड इथून!”

मी कोठारात गेलो. बटाट्यांच्या पोत्याशेजारी, व्हिनेगरच्या बुधल्यांच्या वासात. ज्या मऊ फडक्यानं माझी पानं पुसली जायची, ते फडकं आता पोरीच्या तोंडावरचं दूध पुसायला गेलं. रविवारी आबिलिओ मला घ्यायला यायचा, पण त्याच्या हाताला माझ्या दोऱ्यांऐवजी बिस्किटांचा वास असायचा. वाजवतानाही त्याचा एक डोळा घड्याळावर. पोरगी जागी झाली असेल. पोरगी जेवली नसेल. पूर्वी सामना संपला की तो मला पाठीवर टाकून कीम खाटकाच्या दुकानात गप्पा मारत बसायचा. आता शिट्टी वाजली की सरळ घरी. मी जळायचो. बोकडाचं कातडंच ते, जळाल्याचा वासही येत असेल.

अशात चार-पाच वर्षं सरली आणि एक अघटित घडलं. आमच्या एवढ्याशा क्लबनं एकामागून एक मोठे संघ हरवले आणि देशाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात धडक मारली. सामना राजधानीत, लिस्बनला. विलारमध्ये लोक रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. कोठारात मी स्वतःला म्हटलं, आता कोण येतं मध्ये बघू! असल्या दिवशी ढोलाशिवाय पान हलणार आहे का?

स्वयंपाकघरातलं बोलणं मला भिंतीतून ऐकू आलं.

“इरियाला नेणार आहे,” आबिलिओ म्हणाला.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” बेलमिरा कडाडली. “एवढी गर्दी, ऊन, पिऊन तर्र झालेली माणसं! पाच वर्षांची पोर ती. आणि ढोल गळ्यात घेतल्यावर तिला धरणार कोण? मी तर येणार नाही, मला बसमध्ये मळमळतं.”

“ढोल कीम वाजवेल.”

कीम! मटण तोडणारा कीम! ज्या दिवसासाठी मी जन्मलो, त्या दिवशी मला परक्याच्या गळ्यात बांधून हा माणूस पोरीचं बोट धरणार होता.

बसमध्ये मला खाली सामानाच्या कप्प्यात घातलं, वाइनच्या बुधल्या आणि कॉड माशाच्या भज्यांच्या डब्यांमध्ये. वर आबिलिओच्या मांडीवर डोकं ठेवून कोण झोपलं होतं, ते सांगायला नको.

मैदानाभोवती पाइनचं रान आहे. अंतिम सामन्याच्या दिवशी सगळी गावं तिथं चटया पसरून जेवतात. सार्डिन मासे भाजल्याचा धूर झाडांत अडकला होता. इरिया क्लबच्या काळ्या-पिवळ्या टोपीत मक्याचा पाव चघळत मुंग्यांना चुरा घालत होती. कीमनं मला गळ्यात अडकवलं आणि आबिलिओला डिवचलं.

“काय रे आया! आयुष्यभर वाट पाहिलीस या दिवसाची, आणि आज पोर सांभाळतोस?”

पोरगी लांब गेली आहे हे बघून आबिलिओ म्हणाला, “डुल्से पुढच्या महिन्यात तिला न्यायला येतेय. कायमची. तिथंच शाळेत घालणार.”

“अरेरे.”

“आईचं लेकरू आईकडे जाणार, त्यात अरेरे काय? पण तिथं ती फ्रेंच बोलायला लागेल, मोठी होईल. आम्ही तिला फोनमधली दोन म्हातारी तोंडं म्हणून उरू. म्हटलं, एक दिवस तरी असा द्यावा की जन्मभर विसरायची नाही. गळ्यात ढोल असला तर मला तिला खांद्यावर कसं घेता येईल?”

कीमनं नाक पुसलं. आणि मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जाणार! ती जाणार! एक महिना दम धर, मी स्वतःला बजावलं, मग तो पुन्हा तुझाच.

सामना सुरू झाला. कीम मला हाडं फोडल्यासारखा बडवत होता. वरच्या रांगेत आबिलिओ उभा होता आणि इरिया त्याच्या खांद्यावर, दोन्ही पाय त्याच्या छातीवर सोडून. माझ्याच जागेवर तिच्या टाचा आपटत होत्या.

समोरचा संघ आमच्यापेक्षा फार मोठा होता. पहिला गोल बसला, दुसरा बसला. तिसरा बसल्यावर कीमनं टिपरू खाली टाकलं आणि कठड्यावर डोकं टेकलं. आमच्या सगळ्या बाजूला मयतासारखी शांतता पसरली. त्या शांततेत एक बारीक आवाज आला.

“आजोबा, आपला ढोल का गप्प झाला?”

“दमला गं.”

“मग मी वाजवू?”

हीच ती पोर, जिनं मला बटाट्यांत धाडलं होतं! आबिलिओ तिला घेऊन पायऱ्या उतरला. कीमनं मला जमिनीवर ठेवलं. इरियानं दोन्ही हातांनी टिपरू उचललं, डोळे गच्च मिटले आणि मारलं. मला गप्प राहायचं होतं. पण कातड्याला रुसता येत नाही. ढब्ब!

ती दचकली, मग खुदकन हसली. दुसरा टोला कडेवर बसला, तिसरा चुकला. टिपरू तिला पेलेना, तेव्हा आबिलिओ तिच्या मागे गुडघ्यावर बसला आणि त्यानं तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा हात माझ्यापाशी आला होता, आणि त्याच्या-माझ्यामध्ये तिचा हात होता.

ठेका धड नव्हताच. पण मागच्या रांगेतल्या एका बाईनं त्यावर टाळी धरली, मग शेजारच्यानं, मग साऱ्या विलारनं. तीन गोलांनी हरणारी माणसं एका पोरीच्या चुकत्या ठेक्यावर गळा फाडून गायला लागली. आमचे खेळाडू मान वर करून बघायला लागले. सामना आम्ही हरलोच. शिट्टी वाजल्यावर मात्र ते खेळाडू चषक नेणाऱ्यांकडे न बघता आमच्याकडे आले आणि इरियासमोर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आबिलिओ रडत होता. त्याचं काळीज तेव्हा कसं धडधडत होतं, ते मला कळलं नाही. ते तिच्या पाठीला कळलं.

पुढच्या महिन्यात डुल्से आली आणि पोरीला घेऊन गेली.

मला हवं ते सगळं मिळालं. मी पुन्हा दिवाणखान्यात आहे, खिडकीखाली. रविवारी पुन्हा त्याच्या गळ्यात असतो. पानांना तेल लागतं, दोऱ्या वेळेवर आवळल्या जातात. पण आबिलिओ आता मला कसा वाजवतो माहीत आहे? कुलूप लागलेल्या घराचं दार ठोठावावं, तसा. आतून कोणी ओ देणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखा. कीम म्हणतो, “हात गेला रे तुझा.” हात शाबूत आहे. मी त्याच्या छातीला टेकून असतो, मला ठाऊक आहे काय गेलंय ते.

म्हणून इरिया, हे तुला सांगतोय. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ये. मला तू आवडतेस असं समजू नकोस. तुझं नाव निघालं की अजून माझ्या दोऱ्या ताठ होतात. आलीस की तो मला पुन्हा बटाट्यांच्या कोठारात टाकेल, तेही मला ठाऊक आहे. टाकू दे. भिंतीपलीकडून त्याचं हसणं तरी ऐकू येईल.