अंगठ्याने पारखलेला पंप

बाजाराला निघालेल्या बायांना घेऊन पोचूभाऊची जीप नजरेआड झाली, तरीही नागसेन मिस्तरी आपल्या गॅरेजच्या दारातून हलला नाही. मुलचेऱ्यात त्याच्या हाताखालून पुष्कळ गाड्या गेल्या होत्या. परंतु या गाडीची गोष्ट निराळी होती. पोचूभाऊच्या जंगलातल्या गावाला बाजार असो की दवाखाना, नेण्या-आणण्यास हे एकच वाहन होते. त्याचे इंजिन जाम झाले, तर अख्खे गाव पांगळे झाले असते.

भरल्या गाडीने चढ चढवत नाही, ही पोचूभाऊची तक्रार होती. म्हणून नागसेनने इंजिनाच्या झडपा उघडणारा झिजलेला कॅमशाफ्ट काढून अधिक उचल देणारा नवा बसविला होता. तेलाचा पंप याच कॅमशाफ्टच्या दात्यांवर फिरतो आणि इंजिनाच्या सांध्यासांध्यास तेल पोहोचवितो. चंद्रपूरहून कॅमशाफ्ट आणताना त्याची पत्नी रिना हिने शहाणपणाने नवा पंपही आणला होता. नागसेनने तो फळीवर ठेवून दिला.

"जुना पंप चांगला हाय," तो म्हणाला होता. "अंगठा लोटते तो."

घुग्घुसला ट्रकांच्या कामावर तो हीच परीक्षा शिकला होता. पंपात तेल घालावे, तोंडावर अंगठा दाबावा आणि दाता, म्हणजे त्याचे दातेरी चाक, फिरवावा. तेलाने अंगठा लोटला, तर पंप जिवंत समजावा. त्याच दिवशी पहाटे थंडीने बोटे आखडली होती, तरी पंपाने त्याचा अंगठा जोराने लोटला होता. त्या समाधानात त्याने तोच पंप परत बसवून इंजिन जोडले, डब्यातले उरलेले तेल बाहेर ओट्यावर ठेवले आणि जीप पोचूभाऊच्या हवाली केली.

आता ऊन वर आले होते. तो डबा उचलण्यास नागसेन वाकला, डबा कलला आणि तेल पाण्यासारखे धावत ओट्यावरून खाली गेले. पहाटे हेच तेल काकवीसारखे घट्ट होते.

नागसेनने डबा तसाच सोडला. घट्ट तेलाने अंगठा लोटला, यात पंपाचा पराक्रम कोणता? चालत्या इंजिनात तेल याहूनही पातळ होणार. झिजलेल्या दात्यांच्या फटीतून ते परत फिरले, तर नवा कॅमशाफ्ट कोरडाच घासत राहणार. त्याने पोचूभाऊला फोन लावला. लागला नाही. तो आत गेला, बाहेर आला, पाना उचलला, पुन्हा ठेवला.

"काऊन येरझाऱ्या घालून राह्यले?" रिनाने विचारले.

त्याने सांगितले. मग तिने फळीवरचा पंप उतरवून फडक्यात गुंडाळला.

"जा मंग. इथी बसून गाडी थांबनार हाय काय?"

पंप, पाने आणि तेलाचा डबा घेऊन नागसेनने मोटारसायकल आलापल्लीच्या रस्त्याला घातली. सागाच्या पानांची सळसळसुद्धा त्याला कोरड्या इंजिनाच्या खडखडीसारखी भासत होती. प्रत्येक वळणावर आता रस्त्यात आडवी उभी जीप दिसेल, असे त्याचे मन म्हणे. वळण रिकामे निघाले, की जीव अधिकच घाबरा होई.

चढाच्या पायथ्याशी जीप दिसली. तिथे झाडाखाली देवाला वाहिलेल्या डहाळ्यांचा ढीग होता. पोचूभाऊच्या गावचा कोणीही वाटेवरच्या त्या देवाला हिरवी डहाळी वाहिल्याशिवाय पुढे जात नसे. पोचूभाऊ डहाळी तोडत होता. स्टार्टर रुसतो, म्हणून त्याने इंजिन चालूच ठेवले होते.

नागसेन धावत गेला आणि आत डोकावला. तेलाचा दाब पडला की लागणारा लाल दिवा जळत होता. त्याने हात घालून चावी फिरवली.

"बंद काऊन केली, मिस्तरी?" पोचूभाऊ म्हणाला. "आता ढकला लागन."

"भाऊ, थो लाल लाईट कवापासून लागला हाय?"

"इथी थांबलो तवापासून. मी बायांले म्हटलं, मिस्तरीनं नवीन लाईट बशिवला."

दिव्याचा उडालेला बल्ब त्याच पहाटे नागसेनने बदलला होता, आणि तो कशासाठी असतो हे सांगायचे मात्र राहून गेले होते. तेल पातळ आहे, वायर सैल आहे, असे काहीही सांगता आले असते आणि सर्वांनी मानले असते.

"पंप झिजला हाय, भाऊ," तो म्हणाला. "मी पारखाले चुकलो. नवीन घरी होता, मी लावला नाई. आता इथीच बदलतो."

टोपली मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलेली अन्नपूर्णाबाई खाली उतरली. "नवीन घरी कायले ठेवला होता, मिस्तरी? पूजा कराले?"

बाया हसल्या. नागसेन गाडीखाली शिरला.

तेल स्वच्छ डब्यात उतरवून त्याने इंजिनाखालचे तेलाचे चेंबर सोडले. जुना पंप हाती आला, तेव्हा तो चटका देण्याइतका गरम होता. नागसेनने त्यात तेच ऊन तेल ओतले, तोंडावर अंगठा ठेवला आणि दाता फिरवला. अंगठा जिथल्या तिथे राहिला. त्याने पुन्हा फिरवला. तेल आतल्या आत घोटाळत राहिले.

नवा पंप त्याने आधी तेलाने भरला, मग बसविला. कोरडा पंप तेल ओढीत नाही. चेंबर लागले, तेल भरले, बायांनी जीप ढकलली. इंजिन सुरू झाले आणि लाल दिवा विझला.

"चाल ना आता," पोचूभाऊ म्हणाला. "बाजार उठून जाईन."

"गरम होऊ दे, भाऊ. थंड्यावर मी एकदा फसलो."

तो चाकाजवळ उकिडवा बसला, पुन्हा उठला आणि आत डोकावला. पोचूभाऊने डहाळी ढिगावर वाहिली. इंजिन तापले, रेडिएटरला हात लावणे कठीण झाले, तरी दिवा विझलेलाच होता. अन्नपूर्णाबाई टोपलीसह चढून बसली.

जीप चढाला लागली. सगळे ठीक होते, तरी नागसेन मुलचेऱ्याकडे वळला नाही. जुना पंप फडक्यात बांधून तो बाजारापर्यंत जीपच्या मागे मागे गेला; आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर मोटारसायकल जीपशेजारी आणून, मान उंचावून, तो लाल दिवा लागला की काय, ते पाहत राहिला.