चतुराबाई काहीही घेतात

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मोबाइलवरचा खेळ बाजारात आला आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच त्यातल्या चतुराबाईंनी कुणा अनोळखी खेळाडूच्या हातून शिळी भाकरी घेतली. त्यांच्या डोक्यावर लाल बदाम उमटला. खाली अक्षरं आली : ‘लई उपकार झाले.’

बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या कचेरीत ज्योत्स्ना मोबाइल धरून उभी होती. पेढ्यांचा पुडा फिरत होता. तिनं घेतलेला पेढा हातातच राहिला.

खेळ शेतीचा. शेत कसायचं आणि गावातल्या प्रत्येकाला आवडेल अशी भेट देऊन मैत्री जोडायची. कुणाला काय आवडतं हे ठरवणं ज्योत्स्नाचं काम. त्यातली चतुराबाई तिनं सख्ख्या आत्यावरून उभी केली होती, आत्याला विचारून, नावासकट. हसू तर आत्याचंच होतं. कन्हेरीच्या घरी शेंगा फोडता फोडता ती हसली, ते ज्योत्स्नानं मोबाइलवर टिपून घेतलं होतं. आता शिळी भाकरी घेताना तेच हसू वाजत होतं.

आत्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात कुणाचं शिळं-उतरलेलं येत नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण पाठवलं तर वाटी रिकामी परत जात नाही. ज्योत्स्नानं लिहिलेली चतुराबाईही तशीच होती. ताजं दिलं तर ओंजळभर शेंगा परत. शिळं दिलं तर दार बंद.

“हे कुणी बदललं?”

“मी. परवा,” निहार म्हणाला. कंपनी त्याची. “नवख्या खेळाडूला एक तरी सोपं माणूस लागतं गं. काहीही द्या, खूश. नाहीतर लोक कंटाळून खेळ काढून टाकतात.”

“मग हीच का?”

“गावात शिरताना पहिलं घर तिचंच लागतं ना.”

“मी तिला शाळेशेजारी ठेवलं होतं. वेशीबाहेर कुणी नेलं?”

“तिथं जागा पुरेना. अगं, लोकांची सगळ्यात लाडकी झालीय ती. हे बघ.” त्यानं एका खेळाडूचा अभिप्राय पुढं धरला. ‘चतुराबाई एक नंबर! घरातला कचरा पण घेते.’

“वाचलंस का नीट?”

“गमतीनं लिहितात. प्रत्येक गोष्टीत ते आणू नकोस, ज्योत्स्ना.”

“मी नाही आणलं. तू आणलंस. परवा.”

पुढच्या महिन्यात बघू, असं तो म्हणाला. तिनं पेढा त्याच्या कीबोर्डवर ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

रविवारी कन्हेरीच्या विहारात वंदनेनंतर खेळ मोठ्या टीव्हीवर दाखवायचं ठरलं होतं. आत्यानंच घरोघरी सांगितलं होतं. तिच्या नजरेला पडायच्या आत आपण सांगावं म्हणून ज्योत्स्नानं गाडी दामटली. पण आत्याचा मुलगा विकी एमआयडीसीतून सुटला तो खेळ मोबाइलवर घेऊनच घरी आला होता.

आत्या ओट्यावर बसली होती. मोबाइल नाकाशी.

“ये बाई. माजं जेवान बघ.”

“आत्या, ते मी...”

“गप. विक्या, आता त्या तात्याबाला दे.”

तात्याबा म्हणजे खेळातला बडा बागायतदार. विकीनं त्याच्या हातात शिळी भाकरी ठेवली. तात्याबानं ती भिरकावली. ‘मला भिकारी समजलास का?’

आत्यानं मान वर केली.

“त्यानं फेकली. मी का न्हाय फेकली?”

ज्योत्स्ना ओट्याच्या कडेला टेकली.

“तुजं नाव हाय ह्यात?”

“हाय. शेवटी येतं.”

“मंजी तू बी वाढलीस मला ती.”

“आये, तिनं न्हाय केलं,” विकी मध्ये पडला, “मालकानं...”

“मालकाला मी वळकत न्हाय. हिला वळकते.”

“मी तुजं नाव काढायला लावते, आत्या.”

“का? मी काय चोरी केली? नाव ऱ्हाऊ दे. दार लावाय शिकीव तिला. ऐतवारच्या आत.” आत्यानं मोबाइल विकीच्या मांडीवर टाकला आणि ती आत गेली. त्या दिवशी तिनं ज्योत्स्नाला जेव म्हटलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

शनिवारी ज्योत्स्ना एकटीच कचेरीत आली. जुना नियम तिनं परत बसवला. घर शाळेशेजारी आणलं. शिळं घेऊन येणाऱ्याला चतुराबाई आता एवढंच म्हणणार होत्या : ‘तुमच्याकडंच ठेवा.’ मग निहारला न विचारता, स्वतःच्या पासवर्डनं, तिनं नवी आवृत्ती ॲप स्टोअरकडे पाठवली.

दुपारी निहारचा निरोप आला : ‘मागं घे. नाहीतर सोमवारी येऊ नकोस.’ तिनं मागं घेतलं नाही. संध्याकाळी तिचा पासवर्ड चालेनासा झाला. निहारनं ती आवृत्ती मागं घेतली की राहू दिली, हे कळायला तिच्याकडे मार्ग उरला नाही.

रविवारी वंदना संपली. बाया पुढं सरकून बसल्या, विकीनं मोबाइल टीव्हीला जोडला. नवी आवृत्ती आली नव्हती. आत्या पहिल्या रांगेत होती. तिनं ज्योत्स्नाकडं वळून पाहिलं नाही. पडद्यावर गाव उजाडलं. वेशीबाहेरच्या पहिल्या घराचं दार सताड उघडं होतं.