चाळलेल्या ढिगातला दात

लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाचा दात आमच्या गुहेत सापडला, तोही मी चाळून टाकलेल्या मातीच्या ढिगात! पंधरा वर्षं मी इथली माती चाळतेय. उंदराचा दातसुद्धा माझ्या नजरेतून सुटलेला नाही. आणि आमचे साहेब पाहुण्यांसमोर त्या ढिगाशी वाकतात काय, आणि लगेच दात हाती लागतो काय!

मी तो दात निरखून पाहिला. मुळाच्या खाचेत पिवळी माती होती. आमच्या गुहेतली माती तर लालभडक.

"साहेब, ही पिवळी माती कुठली हो?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

साहेब गोड हसले. "मावशी, तुमचे डोळे थकलेत. उद्यापासून चाळणी सोडा, चहाचं बघा."

दात कुणी टाकला, याबद्दलची माझी उरलीसुरली शंका तिथेच फिटली.