हलकी काडतुसं

शैलेंद्रनं चाप ओढला, नेमबाजीची पहिली मातीची तबकडी हवेतच फुटली आणि दुसरीच्या वेळी बंदूक ढिम्म. रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन दारातच अडकलेलं. झाली का पंचाईत! सेमी-ऑटो बंदूक माणूस घेतो कशाला, तर पहिल्या बाराच्या जोरावर तिनं आपली आपण रिकामं काडतूस फेकावं आणि पुढचं भरून घ्यावं म्हणून. आणि ही बया मात्र शिकारीची भारी काडतुसं खाडखाड पचवायची, आणि क्लबात चालतात ती हलकी दिली की घशात अडकवून बसायची.

"बाबा, धिस इज द फोर्थ टाइम," शेजारी उभा असलेला परीक्षित म्हणाला. "शनिवारी जोडीची मॅच आहे. असं जॅम झालं तर आपण गेलोच."

"होईल रे. सेकंड हँड माल, थोडी खटपट करावी लागते. तू आधी तुझा खांदा बघ, केवढा उचलतोस! मघाचे दोन्ही बार त्यामुळेच चुकले."

परीक्षितनं आपली बंदूक पिशवीत घातली. "फ्रायडेपर्यंत चालली तर तू. नाहीतर मी डीनला घेतो."

डीन हा क्लबातला त्याचा दोस्त, मूळचा वसईकडचा, वाढलेला एटोबिकोत आणि आता नोकरीसाठी इथं कॅल्गरीत. पोरगा चांगला होता. पण शैलेंद्रला त्या क्षणी त्याचं नावसुद्धा नकोसं झालं.

कारण सोमवारी परीक्षित कायमचा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रॉसार्डला चालला होता. तिथं फर्निचर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं आणि सुतारकाम धरलं, तेव्हा नागपूरहून डिग्रीच्या जोरावर इथवर आलेल्या शैलेंद्रनं घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं 'मीठ दे' आणि 'ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला का' एवढ्यावर आलं. मग पोरानं हा तबकड्या फोडायचा नाद लावून घेतला, आणि जन्मात कधी गलोल न धरलेल्या शैलेंद्रनं कोर्स केला, लायसन्स काढलं आणि एका रिटायर्ड माणसाची ही जुनी बंदूक विकत आणली. का, तर पोराच्या शेजारी उभं राहता यावं. क्लबात ते दोघं निदान तोंड उघडून बोलत तरी. जाण्याआधी तेवढी एक सकाळ त्याला हवी होती, बस्स!

घरी आल्या आल्या तो बेसमेंटमध्ये उतरला. बाराचा गॅस जिथून मागं येऊन यंत्र हलवतो, ती नळीतली बारीक भोकं तारेनं साफ केली. रबरी कडी बदलली. चार कंपन्यांची हलकी काडतुसं आणली होती, ती टेबलावर मांडली आणि नुसता बघत बसला. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता तुकडा, हातानं मागं ओढून सोडला की सटकन् पुढं. पुन्हा ओढला, पुन्हा सटकन्. इथं काही म्हणता काही बिघाड नाही! त्याला बसवेना, उभं राहवेना. जेवायला वर आला, दोन घास खाल्ले, आणि हात धुऊन पुन्हा खाली.

"अहो, भात राहिला नं," चित्रा वरून ओरडली.

"राहू दे!"

"ऑगस्टमध्ये तर चांगली चालत होती म्हणालात."

"तेव्हा चालली. त्या म्हाताऱ्यानं फसवलं मला. थंडी पडली आणि हिनं रंग दाखवले."

हे तो बोलून गेला आणि थांबला. थंडी पडली. अरे गाढवा, मग उबेत कशाला तपासतोयस?

शुक्रवारी त्यानं चक्क आजारी असल्याचं ऑफिसला कळवलं. गॅरेजमध्ये हीटर नव्हता. जाकीट, टोपी चढवून तो बंदूक मांडीवर घेऊन तिथं तासभर बसला. मग बोल्ट ओढला, आणि तो असा रडतखडत पुढं आला की शैलेंद्र जागचा उठलाच. बिघाड पुढं नळीत नव्हताच. मागं होता, खांद्याला टेकवतात त्या लाकडी दस्त्यात. दस्त्याच्या आत एक लांब नळी असते आणि बोल्टला परत ढकलणारी स्प्रिंग तिच्यात. ती सहसा कुणी उघडत नाही. त्यानंही उघडली नव्हती.

दस्ता सुटला. स्प्रिंग बाहेर ओढली तर ती पांढरी! वेढ्यावेढ्यात मेणासारखं काहीतरी घट्ट बसलेलं. त्यानं बोटावर घेतलं, नाकाशी नेलं. आणि शाळेला जाताना आई डोक्यावर थापायची तोच वास आला.

"चित्रा!"

ती चहा घेऊन येतच होती. "काय झालं? लागलं का?"

"खंडेनवमीला तू ह्यात काय ओतलंस?"

"तेल. दुसरं काय ओतणार? पळीभर, त्या बाजूच्या खिडकीतून. तुम्ही तिथंच सोफ्यावर होता की, ऑफिसचा कॉल घेऊन. मग देवाजवळ भिंतीला उभी करून ठेवली, लाकडाची बाजू खाली, म्हणजे तेल सगळीकडे उतरेल."

"खोबरेल?"

"घरात तेच होतं. शुद्ध आहे. आमच्या बाबांच्या वर्कशॉपात यंत्राला तेल पाजल्याशिवाय हळदकुंकू लावत नसत."

"अगं, घरातसुद्धा बाथरूममधली बाटली थोडी थिजते म्हणून तू ती रोज गरम पाण्यात धरतेस! मग हे उणे दहामध्ये काय करेल? हलक्या हातानं ढकलणाऱ्या काडतुसात जोरच नसतो एवढा, ते ह्या चिखलातून बोल्ट कसा मागं रेटणार? तीन आठवडे, चित्रा! तीन आठवडे मी नको नको त्या भोकात तारा घालतोय!"

"ओरडू नका," ती म्हणाली. "मला ती वस्तू घरात नकोच होती. पण माझा पोरगा तिच्या शेजारी उभा राहणार म्हटल्यावर हात जोडले. म्हटलं, बाई, सरळ वाग."

शैलेंद्रनं चहाचा कप घेतला. राग होता, पण ठेवायला जागाच सापडेना. मग त्यानं गरम पाणी आणलं, स्प्रिंग खळखळून धुतली, पुसली, वाळवली, थंडीत न गोठणाऱ्या तेलाचा नुसता हात फिरवला आणि दस्ता जागेवर कसला.

दुपारी क्लबात परीक्षित बाहेरच भेटला. "बघ आता," शैलेंद्र म्हणाला आणि चारही कंपन्यांची हलकी काडतुसं खिशातून काढली. ठो, ठो. रिकामं बाहेर, नवं आत. दुसऱ्या कंपनीचं, तिसऱ्या कंपनीचं, मधे एखादं भारी. एकही अडकलं नाही. बर्फावर रंगीबेरंगी टरफलं पडली. शैलेंद्रला नाचावंसं वाटत होतं. त्यानं खोबरेलाची गोष्ट सांगितली, तसा परीक्षित पोट धरून हसला. "आई! ओ माय गॉड, आई!" किती दिवसांनी हसला होता पोरगा.

"मग उद्या किती वाजता निघायचं?" शैलेंद्रनं विचारलं.

परीक्षितचं हसू विरलं. "बाबा, मी डीनचं नाव दिलंय. गुरुवारीच."

"गुरुवारी? पण शुक्रवारपर्यंत म्हणालास ना?"

"मला वाटलं होतं, नाहीच चालणार." तो बुटानं बर्फ उकरत राहिला. "इट वॉज नेव्हर द गन. मी चुकलो की तू सांगतोस. नाही चुकलो तरी सांगतोस. उद्या मला नुसतं खेळायचंय रे."

शैलेंद्रच्या तोंडाशी दहा गोष्टी आल्या. मी तुझ्या भल्यासाठीच, ही पहिली. पण त्यानं पोराकडे पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा परीक्षेला बसल्यासारखा उभा होता, बापापुढं.

"मी आलो तर चालेल?" त्यानं विचारलं. "कुंपणाबाहेर उभा राहीन. बोलणार नाही."

परीक्षितनं मान वर केली. "एकसुद्धा शब्द नाही?"

"नाही."

"ओके. ये."

परतताना गाडीत चित्राचा फोन आला. "चालली का हो?"

"चालली. सगळी चालली."

"बरं झालं बाई! मग उद्या तुम्हा दोघांचा डबा करते."

"तिघांचा कर," तो म्हणाला. "डीन खेळतोय त्याच्याबरोबर."