पाचवा नंबर घरी येतो

बर्गरच्या निकालात जे दुकान तळाला जातं, ते ज्याच्या बोटांनी तळाला गेलं त्याच्या घरी राहायला येतं, हे सांगलीत सगळ्यांना माहीत आहे. केतकी मगदूमलाही माहीत होतं. फक्त ते निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, लहानग्या लेकीची, जुईची, आंघोळ चालू असताना येईल असं तिला वाटलं नव्हतं.

जिन्यावर शटर घासल्याचा आवाज आला. तिच्या नवऱ्यानं, अभिनंदननं, दार उघडलं. ‘शालन बर्गर’ तिरकं झालं आणि आपली पाटी सांभाळत चौकटीतून आत आलं. तवा अजून गरम होता. मागून शालनमावशी आल्या, कमरेला पदर खोचलेला, काखेत भडंगाचा डबा.

“कुठं ठेवायचं?” अभिनंदननं विचारलं.

“उजेड असंल तिथं ठेवा,” मावशी म्हणाल्या. “गिऱ्हाइकाला बन दिसाय पाहिजे.”

त्यानं सोफा गॅलरीत ढकलला, दुकान हॉलच्या मधोमध बसवलं, केतकीकडे एकदा बघितलं आणि डबा घेऊन कामावर गेला. रागाचे दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

निकाल लागला होता रेवतीच्या घरी. रेवती शेटे, मिरजेची नाझनीन मुजावर आणि केतकी, या तिघी कॉलेजपासून गावातल्या बर्गरच्या दुकानांचे नंबर लावत आल्या आहेत. नंबर लावायची रीत रेवतीच्या घरातली. तिचे आजोबा हळदीच्या पेठेत अडत्ये होते, आणि त्यांच्या काळी तिथं रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. इथंही तसंच. दुकानाचं नाव घ्यायचं, रेवतीनं रुमाल पसरायचा, आणि जितवा नंबर तितकी बोटं तिच्या हातात द्यायची. एक बोट म्हणजे पहिला. अख्खा पंजा म्हणजे पाचवा, म्हणजे तळ.

जुई झाल्यापासून केतकी पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली होती. जुईला अभिनंदनकडे ठेवून आली होती खरी, पण जीव निम्मा घरीच होता.

“त्या डब्बल डेकरवाल्याचा बन म्हणजे उशी आहे उशी,” नाझनीन म्हणत होती. “खायचा कसला, डोकं टेकून झोपायचं.”

“तू मिरजेची. तुला बनातलं काय कळतंय?” रेवती म्हणाली.

“बिर्याणीतून उरलेल्या पोटानं तुमचे बर्गर खाते मी. उपकार मानायचे सोडून वर तोंड करून बोलतेस?”

“बरं, शालनचं बोल. बर्गरमध्ये भडंग घालणारी बाई आहे ती. धाडस पाहिजे.”

“धाडस आहे, पण सादळतंय गं ते.”

“सादळायच्या आत खायचं असतंय. तू फोटो काढत बसतेस अर्धा तास.”

केतकीचं लक्ष नव्हतं. दूध भरून आलं होतं, कुर्त्यावर ओल उमटायला लागली होती, आणि ओढणी कितीही पुढे घेतली तरी पुरत नव्हती. शालनचं नाव आलं तेव्हा ती निघायला उठलीच होती. तिनं उभ्या उभ्याच रुमालाखाली हात घातला. बोटं मिटायला जो एक क्षण लागतो तो तिच्याकडे नव्हता. हात उघडाच गेला. रेवतीनं मान वर करून बघितलं, पण रुमालाखालचं रुमालाखालीच राहतं.

केतकीनं शालनचा बर्गर कधी खाल्लाच नव्हता.

आता मावशी तिच्या हॉलमध्ये तवा पुसत होत्या. जुईला टॉवेलात गुंडाळून केतकी दारातच उभी राहिली.

“तू खाल्लायस न्हवं माझा?” मावशींनी विचारलं. त्यात राग नव्हता. उलट, पोरीनं एवढं खाऊन बघितलं, मत दिलं, याचं अप्रूपच होतं.

“हो,” केतकी म्हणाली.

“काय कमी पडलं गं?”

काहीतरी सांगायला हवं होतं. “जरा तिखट वाटला.”

मावशींनी गंभीरपणे मान हलवली. त्यांनी चटणीतली मिरची काढली. काढलेली मिरची कुठंतरी ठेवायला हवी, म्हणून ती केतकीच्या कपाटात ठेवली. एका बर्गरमधून निघालेली मिरची कपाटाचे तीन कप्पे भरून वर उरली. साड्या पलंगावर आल्या.

दुसऱ्या दिवशी मावशींनी परत विचारलं, “आणि कांदा?”

“थोडा जास्त होता.”

कांदा निघाला. तो पलंगाखाली मावेना, तेव्हा पलंगावर रचला. रात्री अभिनंदन कांद्यांच्या आणि भिंतीच्या मधे आडवा झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत तो म्हणाला, “सवय होईल.” त्यानंही दोष दिला नाही.

केतकी रोज ठरवायची, आज खाऊन बघायचं आणि खरं काय ते सांगायचं. मावशी बर्गर पुढ्यात ठेवायच्या. ती बन उचलायची आणि जुई रडायची. जुईला शांत करून येईतो तो गार झालेला असायचा, आणि मावशी म्हणायच्या, “गार खाऊ नगं, बाळंतीण बाई,” आणि उचलून न्यायच्या. मग विचारायच्या, बटाटा कसा वाटला होता. मग ती सांगायची, जाड वाटला होता. टिक्कीतून निघालेल्या बटाट्यानं न्हाणीघर भरलं. चीज निघालं ते खिडक्यांना लागलं आणि घरात पिवळसर अंधार झाला. तिसऱ्या मजल्यावर गिऱ्हाईक चढेना. जे एखादं चढायचं ते दारातूनच आत डोकावायचं आणि, “मावशी, बरं हाय न्हवं?” एवढंच विचारून उतरायचं, आजारी माणसाला भेटून गेल्यासारखं.

एका दुपारी केतकीकडे सांगायला काही उरलं नाही, तेव्हा तिला नाझनीनचे शब्द आठवले. “भडंग सादळतं,” ती म्हणाली.

मावशींचा हात डब्यावर थांबला. ते भडंग त्यांच्या सासूच्या हातचं वळण होतं. लसूण ठेचून, शेंगदाणे खरपूस करून. मग त्यांनी डबा उचलला. घरात आता एकच रिकामी जागा होती, जुईचा पाळणा. मावशींनी भडंग त्यात ओतलं. जुईला वर अलगद निजवलं. ती कुरकुर आवाज करत थोडी खाली गेली आणि हसली. दुसऱ्या दिवशी अजून थोडी खाली गेली. नंतर तिला दूध पाजायला केतकीला कोपरापर्यंत हात घालावा लागायचा.

पुढच्या निकालात तळ सुटला तरच दुकान आपल्या जागी परत जातं; दोनदा तळाला गेलेलं दुकान परतीची वाट विसरतं. गणपती पेठेच्या मागे, जिथं शालन बर्गर उभं असायचं तिथं, नुसती फरशी उरली होती आणि तिच्यावर कुणी अजून गाडी लावत नव्हतं. केतकीनं रेवतीला फोन केला. “परत नंबर लावू या,” ती म्हणाली. “माझ्याच घरी.”

दोघी आल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून कांद्यांवर टेकल्या. केतकीच्या कडेवर जुई होती, आणि जुईच्या केसांत एक शेंगदाणा अडकला होता. मावशींनी तिघींपुढे बर्गर ठेवले आणि स्वतः शटरला टेकून उभ्या राहिल्या, परीक्षेला पोराला आत सोडून बाहेर थांबावं तशा.

नाझनीननं एक घास घेतला आणि ती चावायची थांबली. “मावशी, ह्यात काय नाहीच की.”

“नुसता बन आहे,” रेवती हळू आवाजात म्हणाली. “भडंग कुठाय?”

“ह्या पोरीनं सांगितलं ना, सादळतंय,” मावशी म्हणाल्या. “लई बारीक जीभ हाय तिची.”

“ते तर मी...” नाझनीननं केतकीकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

केतकीनं बन उचलला. जुई रडली नाही. कधी नव्हे तो गरम घास तोंडात गेला. आत काही नव्हतं तरी त्याला चव होती: कुणीतरी आपली वाट बघत पानावर ताट झाकून ठेवलेलं असतं, त्या अन्नाची. तिच्यासाठी असं झाकून ठेवलेलं तिनं फार दिवसांत खाल्लं नव्हतं. तिनं शेवटच्या कणापर्यंत खाल्लं.

रेवतीनं रुमाल झटकून पसरला. “हिला तळाला नाही टाकायचं तर दुसरं कोणीतरी तळाला जाणार,” ती म्हणाली. “डब्बल डेकर येईल. नाहीतर स्टँडजवळचा तो म्हातारा बर्गरवाला, बायकोला घेऊन. बघ बाई. कुठं ठेवशील?”

“माझं नाव घे,” केतकी म्हणाली.

“तू काय दुकान आहेस काय?”

“तवा आहे. चोवीस तास उघडं आहे. गिऱ्हाईक तर हे काय, कडेवरच आहे.”

“आणि उधारीवर खातंय,” नाझनीन म्हणाली. पण हसलं कुणीच नाही.

रेवतीनं रुमाल सारखा केला. मग घसा साफ करून, आजोबांसारख्या आवाजात, ती म्हणाली, “केतकी मगदूम. बोटं द्या.”

नाझनीननं दिली. रेवतीनं स्वतःची मोजली. केतकीनं या वेळी घाई केली नाही. सावकाश, एकेक करून तिनं पाचही बोटं रेवतीच्या हातात ठेवली. मन कसं हलकं झालं.

शालन बर्गर लगेच निघालं. मावशींनी कपाटातली मिरची ओंजळीत घेतली तशी ती चिमूटभर झाली. पलंगावरचे कांदे एका वाटीत मावले. पाळण्यातलं भडंग डब्यात गेलं आणि वर झाकण बसलं. उंबऱ्यावर त्या वळल्या.

“सगळं होतं तसंच घालते आता,” त्या म्हणाल्या. “पण तू आलीस की तुझ्यापुरता येगळा करीन. तिखट नको, कांदा नको. ध्यानात हाय माझ्या.”

खरं काय ते केतकीच्या ओठांवर आलं होतं. तोवर शटर खालच्या वळणावर घासत होतं. रेवती आणि नाझनीन पाटीला हात देत मागोमाग उतरल्या.

घर एवढं मोठं झालं की तिची पावलं वाजायला लागली. खिडकीतून ऊन आलं. केतकीनं जुईला सतरंजीवर बसवलं. अभिनंदन कामावरून आला, रिकामा हॉल बघितला आणि सोफा आत ओढू लागला.

तेवढ्यात बेल वाजली. त्यानं दार उघडलं, आणि काही न विचारता सोफा परत गॅलरीकडे सरकवायला लागला.

दारात तळाला गेलेली केतकी उभी होती. खांद्याला पिशवी, पायऱ्या चढून लागलेली धाप, कुर्त्याच्या छातीशी ओल. पाहुण्यासारखी चपला जोडून ठेवत ती आत आली आणि घरातल्या केतकीकडे न बघता म्हणाली, “उशीर झाला मला.”

सतरंजीवरून जुईनं दोन्ही हात वर केले.

दोघी एकदमच पुढे झाल्या.